जमिनीला न टेकलेल्या भिंती

दीनानाथ तीर्थपुरीला पहिल्यांदा आला तेव्हा सोनूबाईच्या घराची मागची भिंत नुकतीच पडली होती. विटांचा ढीग तसाच होता आणि त्याच्या शेजारी अंगणात चूल मांडून सोनूबाई भाकरी थापत होती. सून उषाबाई बाळंतपणाला मंठ्याला माहेरी गेली होती, म्हणून त्या खोलीत कुणी नव्हतं. पण बाळाचा पाळणा त्याच भिंतीशी टांगायचा ठरला होता. भिंत पडल्याचं कळताच उषाबाईने निरोप धाडला, की मी येईन, पण लेकराला घेऊन त्या घरात पाऊल टाकणार नाही. आली ती खरोखरच शेतातल्या खोपटात राहायला गेली. नवरा रामकिसनही तिच्यामागे गेला. घरात सोनूबाई एकटी उरली.

दीनानाथ जालन्याचा. वडील कचेरीत पेशकार होते. ते गेल्यावर आई रमाबाईने त्याला शिकवलं. हैदराबादच्या कॉलेजातून तो इंजिनिअर झाला आणि तिथल्या प्रोफेसरसाहेबांनी त्याला संशोधनासाठी ठेवून घेतलं. विषय त्यानेच मागून घेतला होता. आपल्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरची घरं दरसाल तडकतात. ती किती खोलवर हलते आणि तिच्यावर न तडकणारी भिंत कशी उभी करायची, यावर त्याला मकाला, म्हणजे प्रबंध, लिहायचा होता. तोही उर्दूत, कारण निजामाच्या राज्यातल्या त्या कॉलेजात सगळं शिक्षण उर्दूतच.

त्यासाठी त्याला काळ्या मातीची अशी जागा हवी होती, की जिला वर्षभर कुणी हात लावणार नाही. गावचा पाटील रखमाजी त्याला सोनूबाईच्या परसात घेऊन आला.

"हे इंजिनेरसाहेब जमिनीत सळया रोवणार म्हनतेत," रखमाजी म्हणाला. "त्यानं काय व्हतं, त्यांनाच ठाऊक."

"जमीन किती वर उचलली जाते ते मोजायचंय, मावशी," दीनानाथ म्हणाला.

सोनूबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "उचलती हे मला ठाऊक हाय. माझी भिंत दोनदा पडली. जागा देते मी. पन मोजून झालं की मंग मला न पडनारं घर बांधून द्यायचं."

दीनानाथ तरुण होता. तो "देतो" म्हणून मोकळा झाला.

त्याने परसात सळया उभ्या केल्या. काही वीतभर खोल, काही गुडघ्याइतक्या, काही कंबरेइतक्या. प्रत्येक सळईभोवती पोकळ नळी होती, म्हणजे बाजूची माती तिला ओढणार नव्हती. तळाची माती हलली तरच सळई हलणार. मोजायला एक न हलणारी खूण लागते. ती जुन्या बारवेच्या कठड्यावर मिळाली, कारण बारव थेट खडकावर उभी होती. दर महिन्याला तो यायचा, दुर्बीण लावायचा, आकडे उतरवून घ्यायचा. पावसाळ्यात वरच्या सळया बोटभर उचलल्या गेल्या. कंबरेइतकी खोल सळई मात्र जवळजवळ हललीच नाही. केसभर फरक दिसायचा, तो त्याने दुर्बिणीची चूक म्हणून सोडून दिला.

म्हणजे कंबरेपर्यंतची काळी माती काढून टाकली की झालं, असं त्याचं ठरलं. पाऊसकाळ संपल्यावर त्याने कंबरेइतका खोल चर खणला, नदीची वाळू भरली आणि तिच्यावर चाचणीची एक भिंत बांधली. भिंतीला जागोजागी काचेच्या पातळ पट्ट्या चुन्याने चिकटवल्या. भिंत जराशी हलली तरी काच तडकेल, हा हिशेब. सगळा उन्हाळा काचा शाबूत राहिल्या. रामकिसनने घराच्या बाकी भिंतींसाठी विटा रचायला सुरुवातसुद्धा केली.

भाद्रपदात दीनानाथ आला तेव्हा सोनूबाई त्याला थेट परसात घेऊन गेली. एकही काच धड नव्हती. भिंतीच्या कोपऱ्यातून वरपासून खालपर्यंत भेग गेली होती आणि तिच्यात बोट जात होतं.

रखमाजी बघायला आलाच. "शिकलेल्याची भिंतबी आमच्यावानीच फाटली की!" असं म्हणून तो हसत निघून गेला.

दीनानाथने चराजवळची माती उकरली. वाळूत पाणी तुंबलं होतं. चर नव्हता तो, पाण्याने भरलेली परात होती, आणि खालची माती पाऊस लागल्यापासून ते पाणी पीत बसली होती. तो विटांवर बसला.

"मावशी, मला वाटलं होतं मला कळलंय," तो म्हणाला. "नाही कळलं."

"माझी दोनदा पडली, तुमची एकदाच फाटली," सोनूबाई म्हणाली. "अजून बराबरी झाली न्हाई. हात धुवा, भाकर खाऊन घ्या."

जालन्याला परतल्यावर त्याने सगळे आकडे पुन्हा समोर घेतले. कंबरेइतक्या सळईचा तो केसभर फरक त्याने महिन्यामागून महिना तपासला. दुर्बिणीची चूक असती तर ती कधी इकडे, कधी तिकडे झाली असती. ही पावसाळ्यात दरवेळी वरच्या बाजूला होती आणि उन्हाळ्यात दरवेळी खाली. जमीन त्याला पहिल्या वर्षीच सांगत होती, की मी इथेही हलते. त्यानेच ऐकलं नव्हतं. त्याला लाज वाटली, पण तिच्या पाठोपाठ आनंदही झाला. आता कुठे खणायचं ते ठाऊक झालं होतं. आणखी खोल.

हैदराबादेत प्रोफेसरसाहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"मियाँ, आप मकाला लिखने आए थे, मकान बनाने नहीं," ते म्हणाले. "जितकं मोजलंत तितकं लिहा. पदवीला तेवढं पुरेसं आहे. तामीरात, म्हणजे बांधकाम खात्यात जागा निघतेय, मी शब्द टाकतो."

"साहेब, मला अजून एक वर्ष द्या."

"वर्ष मी देईन. जागा थांबेल का, ते मला सांगता येणार नाही."

जागा थांबली नाही. आईला हे सांगायला त्याची जीभ रेटेना. शेवटी सांगितलं, तेव्हा रमाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"तुझ्या बरोबरीचे सगळे कामाला लागले," ती म्हणाली. "तू अजून चिखल मोजतोस."

"मी त्या बाईंना शब्द दिलाय, आई."

रमाबाईने सूप पुन्हा उचललं आणि ती तांदूळ निवडू लागली. "मग तो तरी नीट पुरा कर," ती म्हणाली. "अर्धवट सोडून आलास तर मला तोंड दाखवू नकोस."

उन्हाळ्यात रामकिसन आणि तो मिळून खणायला लागले. वर जमीन इतकी भेगाळलेली, की पहार टाकली तर गिळून टाकेल. कंबरेखाली भेगा निमुळत्या होत गेल्या. माणूस हात वर करून उभा राहिला तरी दिसणार नाही इतकं खाली गेल्यावर त्या थांबल्या. तिथली माती ऐन वैशाखातही ओलसर, गार होती, आणि तिच्याखाली पिवळा मुरूम लागला.

रामकिसनने ती माती मुठीत दाबली. "वर आग लागून राह्यली आन् इथं बघा की, साहेब!"

"इथे उन्हाळा येत नाही आणि पावसाळाही येत नाही," दीनानाथ म्हणाला. "म्हणून ही हलत नाही. आपलं घर हिच्यावर उभं करायचं."

पूर्ण पाया तितका खोल नेणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने कोपऱ्यांवर आणि मधेमधे जाड खांब मुरुमापर्यंत नेले. खांबाखांबांत विटांच्या कमानी टाकल्या, आणि कमानीखाली, जमिनीच्या वर, चार बोटं मोकळी जागा सोडली. जमिनीला फुगायचं तर तिने त्या जागेत खुशाल फुगावं. भिंतीला धक्का लागणार नाही. महायुद्ध चालू असल्यामुळे सिमेंट मिळतच नव्हतं. त्याने पक्क्या भाजलेल्या विटांची भुकटी चुन्यात मिसळून बैलाच्या घाण्यात मळून घेतली. याच मिश्रणाचे ठोकळे त्याने आधी हैदराबादेत पाण्यात ठेवून, मग यंत्रात दाबून फोडून पाहिले होते. ते पाण्यात आणखी घट्ट होत गेले होते.

रखमाजीला कमानी बघून राहवेना. "सोनूबाई, हे घर हाय का मचाण? जमिनीला टेकलंबी न्हाई!"

सोनूबाईला काळजी वेगळीच होती. "आन् त्या फटीतून साप आला मंग?"

दीनानाथने याचा विचारच केला नव्हता. त्याने वाकून फटीत हात घालून पाहिला. मग म्हणाला, "बाहेरून फरशा तिरप्या टेकवून ठेवू. चुन्यात बसवायच्या नाहीत, नुसत्या टेकवायच्या. जमीन वर आली की त्याही हलतील, भिंतीला त्रास नाही." प्रबंधात पुढे या फरशांची एक आकृतीच आली.

त्या साली पाऊस दणकून झाला. दीनानाथ जालन्यात अडकून पडला. रस्ताच बंद होता. उघडीप मिळाली तसा तो चिखल तुडवत तीर्थपुरीला पोचला. सोनूबाई दारातच होती. तिने त्याला हाताला धरून कमानीपाशी नेलं आणि एक फरशी सरकवली.

"घाला हात."

त्याने हात घातला. आत जेमतेम बोटं शिरली. जमीन फुगून कमानीच्या पोटाजवळ आली होती. मग तो एकेका भिंतीपुढे उभा राहिला. याही भिंतींना चिकटवलेल्या काचा लखलखीत, अखंड. एका काचेवर पालीने घाण केली होती, तेवढंच.

त्याच आठवड्यात उषाबाई आली. तिचं लेकरू खोपटातच रांगलं होतं आणि आता पळायला लागलं होतं. तिने पोराला कडेवरून उतरवलं नाही. चारी कोपरे बघितले, भिंतीवर थाप मारली, वाकून कमानी पाहिल्या.

"आणखी एक पाऊसकाळ बघायचा का?" दीनानाथने विचारलं.

"खोपटात लई दिस काढले भाऊ," उषाबाई म्हणाली. "न्हाई म्हनायला काही सापडंना आता." आणि तिने पोराला खाली सोडलं. ते थेट घरात पळालं.

वास्तुशांतीला रमाबाई जालन्याहून बैलगाडीने आली. दोन्ही बाया दिवसभर बोलत बसल्या. निघताना रमाबाई मुलाला एवढंच म्हणाली, "चांगली बाई आहे. माझ्यासारखीच तुझ्यामागे लागली."

मकाला पुरा झाला. फाटलेल्या भिंतीचं प्रकरण त्याने सगळ्यात सविस्तर लिहिलं होतं. एका परीक्षकाने विचारलं, की अपयशावर इतकी पानं कशाला? दीनानाथ काही म्हणायच्या आत प्रोफेसरसाहेब म्हणाले, "त्यासाठीच तर त्याला पदवी द्यायची."

नंतर दोन कागद एकदमच त्याच्या हाती आले. एक कॉलेजात शिकवायच्या जागेचा, दुसरा धावड्याच्या गावकऱ्यांचा अर्ज. त्यांना शाळेची खोली बांधायची होती. त्याने कॉलेजची जागा पत्करली आणि सुट्टीत धावड्याला गेला.

धावडा डोंगराच्या पायथ्याचं गाव. माती तीर्थपुरीसारखी खोल नव्हती. कुठे खडक वर आलेला, कुठे मधेच काळ्या मातीचा खोलगट पट्टा. गावचे बद्रीनाथ त्याला जागा दाखवत म्हणाले, "मंग साहेब, तीर्थपुरीवानीच खांबावर बांधायचं ना? खांब किती खोल घ्यायचे सांगा, मानसं जमवून ठिवलीत."

दीनानाथने वाकून मातीचं ढेकूळ उचललं, बोटांत चुरलं. "अजून माहीत नाही," तो हसून म्हणाला. "तीर्थपुरीचं उत्तर इथे चालेलच असं नाही. आधी खणून बघू."

त्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि पहार मागितली.