घडीची फळी हटत नाही

मी घडी घालायची फळी बोलतेय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. फळीला कसलं आलंय आयुष्य, असं तुमच्या मनात आलंच असेल. येऊ दे. माझ्याबद्दल आणि माझ्या मालकिणीबद्दल लोक काय काय बोलतात ते मी इतकी वर्षं गुपचूप ऐकत आलेय. आज बोलायची पाळी माझी आहे.

माझा जन्म एका कपाटाच्या उरलेल्या प्लायवुडमधून झाला. सुतारकाका एका कार्यशाळेत दारं दुरुस्त करायला आले होते. ज्यांना शिकायला, समजायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो अशा मोठ्या माणसांना तिथे कामं शिकवतात. तिथल्या बाईंनी पुठ्ठ्याचा एक नमुना काकांच्या हातात ठेवला. मधे एक तुकडा, दोन बाजूंना दोन पंख, खाली एक शेपूट, आणि सगळं बिजागऱ्यांनी जोडलेलं.

"हे आहे तरी काय?" काकांनी विचारलं.

"सदऱ्याची घडी घालायचं साधन. सदरा पालथा ठेवायचा, उजवा पंख उलटायचा, मग डावा, मग शेपूट वर. झाली घडी."

"बाई, एवढ्यासाठी लाकूड कशाला वाया घालवायचं?" असं काका म्हणाले खरे, पण काम मन लावून केलं. माझ्या कडा पॉलिश पेपरनं घासघासून गुळगुळीत केल्या, वरून तळहात फिरवून कुठे कुसळ टोचत नाही ना ते पाहिलं. कॉलर कुठे यायला हवी ते कळावं म्हणून वरच्या बाजूला एक लाल रेघ ओढली. वाया गेलेलं लाकूड, ही माझी पहिली ओळख. मी तेव्हापासूनच जरा चिडकी आहे.

माझी मालकीण म्हणजे बेबी. पस्तिशी ओलांडली, केसांत रुपेरी तारा आल्या, तरी घरीदारी सगळ्यांची ती बेबीच. कार्यशाळेत येण्याआधी ती दुसरीकडे कुठेतरी जायची, तिथे तिनं वर्षानुवर्षं मणी ओवले. दिवसभर माळ ओवायची, संध्याकाळी कोणीतरी ती सोडवायचं आणि सकाळी तेच मणी पुन्हा पुढ्यात. शहाण्या म्हणवणाऱ्या एखाद्या माणसाला हे काम देऊन बघा, दुपारच्या आत टेबल उलथवेल तो. बेबीनं कधी उलथवलं नाही, म्हणून लोक म्हणायचे, किती समाधानी आहे बिचारी. या 'बिचारी' शब्दाची मला चीड आहे. ती समाधानी नव्हती, कंटाळली होती. पण तसं तिला कोणी विचारलंच नव्हतं.

बाईंची शिकवण्याची रीत उलटी होती. त्या शेवटापासून सुरुवात करायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः सदरा ठेवला, उजवा पंख उलटला, डावा उलटला आणि फक्त शेपूट बेबीसाठी ठेवली. बेबीनं ती उचलली आणि समोर सुरेख चौकोनी घडी तयार! बेबी त्या घडीकडे बघतच राहिली. तिच्या हातून एखादी गोष्ट पुरी झाली होती आणि ती संध्याकाळी कोणी सोडवणार नव्हतं. शेपूट पक्की झाल्यावर बाईंनी डावा पंखही तिच्याकडे सोपवला, मग उजवा, आणि सगळ्यात शेवटी सदरा पालथा ठेवून कॉलर लाल रेघेवर आणणं. यात कित्येक महिने गेले. जातील नाहीतर काय? तुम्हाला सायकल एका दिवसात आली होती का?

प्रत्येक घडी बरोबर झाली की बाई बोटाच्या पेरानं माझ्या कडेवर टकटक करायच्या. म्हणजे छान झालं, आता पुढचा घे. मला ते आवडायचं. त्यातून पुढे केवढं रामायण घडणार आहे ते मला काय, बाईंनाही ठाऊक नव्हतं.

बेबीला न्यायला रोज तिचा दादा यायचा. दादा वाईट नव्हता, हे मला सांगायलाच हवं. आई गेल्यापासून त्यानं बहिणीला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. तिच्या चपलेचा पट्टा तो लावायचा, तिचं तोंड तो पुसायचा, आणि कोणी तिला काही विचारलं तर उत्तरही तोच द्यायचा. एके दिवशी बाईंनी त्याला सांगितलं, की मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत घड्या घालायला माणूस हवंय, बेबीला पाठवू या. दादानं घाईघाईनं हात हलवला.

"नको हो बाई. तिथे कोणी वेडंवाकडं बोललं तर? तिला उत्तर देता येत नाही."

"येतं. तुम्ही तेवढा वेळ थांबत नाही."

"मी आहे ना तिला सांभाळायला. घरी टीव्ही आहे, खिडकीत बसायला जागा आहे. काय कमी आहे तिला?"

"मला ड्युटी पाहिजे," बेबी म्हणाली.

दादा रोज सकाळी 'ड्युटीला जातो' म्हणून निघायचा. हा शब्द तिनं तिथूनच उचलला असणार. मग दादा बाईंना म्हणाला, "ठीक आहे. एक महिना बघू. पण तिथून मला एक जरी फोन आला, तरी मी तिला घरी आणणार. मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

अशी आमची वरात हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत आली. बेबीच्या काखेत मी आणि खांद्याला डब्याची पिशवी. तिथे भलीमोठी धुलाई यंत्रं घुमत होती, गरम वाफेचा वास होता आणि पेशंटच्या निळ्या सदऱ्यांचे ढीग होते. कारभार सुपरवायझरच्या हातात. त्यांना सगळे मामा म्हणायचे. इस्त्रीवर एक मावशी होत्या, त्यांच्या हाताइतकीच जीभही चालायची. मला पाहून मामांनी नाक मुरडलं. मी अर्धं टेबल अडवते, हे त्यांचं पहिलं वाक्य.

आणि पहिल्याच सकाळी घोटाळा झाला. बेबीनं एक सदरा घेतला, झकास घडी घातली आणि थांबली. हात माझ्यावर, नजर कडेवर. मामा म्हणाले, "घे की पुढचा." तिनं घेतला नाही. मामांनी आवाज चढवला, तरी तिची नजर कडेवरच. दोन दिवस हेच. एक घडी, की पुतळा.

मला सगळं कळत होतं आणि सांगता येत नव्हतं. ती टकटक व्हायची वाट बघत होती! बाईंनी इतक्या महिन्यांत ती एकदाही चुकवली नव्हती, त्यामुळे बेबीच्या लेखी टकटक हा कामाचाच भाग होता. कॉलर, उजवा पंख, डावा पंख, शेपूट आणि टकटक. ती झाली नाही म्हणजे घडी पुरी झाली नाही, मग पुढचा सदरा घ्यायचा कसा? काम अर्धवट टाकायचं नाही हे तिला शिकवलेलं होतं आणि ती ते पाळत होती. वर बोलणीही तिनंच खायची!

नशीब, की मामांनी दादाला न करता आधी बाईंना फोन केला. बाई आल्या, कोपऱ्यात उभं राहून बघत राहिल्या, आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"हिचं काही चुकत नाहीये मामा. शिकवताना मीच चुकले."

मग त्यांनी बेबीचा हात हातात घेतला, तिचंच बोट वाकवलं आणि माझ्या कडेवर ठोकलं. टकटक. "हे आता तू करायचं." पहिले काही दिवस बाई तिच्या मागे उभ्या राहिल्या, हात पाठीशी बांधून. मग दाराशी. मग दाराबाहेर, काचेतून बघत. मग एके सकाळी त्या आल्याच नाहीत आणि आमचा ढीग जेवणाच्या सुट्टीपर्यंत निम्मा झाला होता. बेबी स्वतःच ठोकायची आणि स्वतःच पुढचा सदरा घ्यायची. मावशी म्हणाल्या, "बघा मामा, हिला शाबासकी द्यायला साहेब लागत नाही. नाहीतर तुम्ही!"

आता सुरळीत चालायला काय हरकत होती? पण मामांच्या डोळ्यांत मी खुपत होते. महिना संपत आला तेव्हा त्यांच्या डोक्यात एक किडा वळवळला. इतकी शिकली आहे, तर आता फळी कशाला? बाकीच्या बायका हातानं घडी घालतात, हिनंही घालावी. कोणाला न विचारता, बेबी यायच्या आधीच त्यांनी मला उचललं आणि कपाटाच्या वर भिरकावलं. धुळीत पडल्या पडल्या मला सगळं दिसत होतं, हीच शिक्षा.

बेबी आली. ॲप्रन बांधला. टेबलाकडे पाहिलं.

"फळी?"

"आज फळी नाही. हातानं कर. सगळ्या करतात ना?"

तिनं सदरा घेतला, टेबलावर पसरला. लाल रेघ नव्हती. बाही इकडे, कॉलर तिकडे. पुन्हा पसरला. पुन्हा तेच. मग तिनं सदरा खाली ठेवला.

"माझी फळी द्या."

मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ढीग वाढत गेला. तिनं पुन्हा मागितली, आणखी एकदा मागितली. आवाज न चढवता, तेच तीन शब्द. शेवटी मामांनी हात टेकले, म्हणजे फोन उचलला. "तुमच्या बहिणीला घेऊन जा. फळी काढली की हिचं काम ठप्प. असं कसं चालायचं?"

झालं. दादाला फोन गेला होता. एक जरी फोन आला तरी घरी, हे बेबीलाही माहीत होतं. खिडकी आणि टीव्ही. वरती पडून मी नुसती जळत होते. माझ्याविना तिला येत नाही म्हणता? मग मला काढलंत कशाला? लंगड्याची कुबडी काढून घ्यायची आणि पळ म्हणायचं, वर पळत नाही म्हणून तक्रार करायची, हा कुठला न्याय?

वाफेनं घामाघूम झालेल्या मामांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तोंड पुसायला रुमाल काढला. बेबीनं चष्मा उचलला आणि ॲप्रनच्या खिशात घातला.

मामांनी टेबल चाचपडलं. "चष्मा कुठे गेला?"

"माझ्याकडे आहे."

"दे इकडे."

"माझी फळी द्या."

"अगं, चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही!"

इस्त्रीवरून मावशींचा आवाज आला, "आज नुसत्या डोळ्यांनी बघा की मामा. सगळ्या बघतात ना?"

लॉन्ड्रीत हशा पिकला. हसली नाही ती फक्त बेबी. ती हात पुढे करून उभी होती. ती काही त्यांना धडा शिकवत नव्हती. माझं घेतलंत, तुमचं घेतलं, तुम्ही द्या, मी देते. इतका सरळ व्यवहार मी पुन्हा कुठे पाहिला नाही. मामा पुटपुटत स्टुलावर चढले, अंदाजानं हात फिरवला आणि मला खाली काढलं. बेबीनं ॲप्रननं माझी धूळ पुसली, चष्मा परत दिला आणि पहिला सदरा ओढला.

तेवढ्यात दादा धापा टाकत जिना उतरून आला. "चल बेबी. पुरे झालं. मी आधीच सांगितलं होतं. काय केलं हिनं मामा?"

मामा चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. समोर बेबीचे हात चालू होते आणि घड्या एकावर एक चढत होत्या.

"हिनं काही नाही केलं," मामा शेवटी म्हणाले. "फळी जागेवर नव्हती. आता आहे."

"तरी चल. मी अर्धी रजा टाकून आलोय," दादा म्हणाला आणि त्यानं तिच्या कपाळावरचा घाम पुसायला हात पुढे केला. तिनं मान बाजूला घेतली आणि बाहीनं स्वतःच पुसला.

"माझी ड्युटी आहे."

"बेबी, ऐक ना..."

"सुट्टी नाही झाली. तू बस."

दादा काहीतरी बोलणार होता. पण या खेपेला तो थांबला. मग त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसला. लॉन्ड्रीची घंटा होईपर्यंत तो तिथे बसून होता, आणि घंटा झाल्यावर ती म्हणाली, "आता चल."

आज मी जुनी झालेय. एक कोपरा उडालाय, एका बिजागरीला दोरी बांधलीय, डाव्या पंखाला चिकटपट्टी आहे. मामा काही देवमाणूस झाले नाहीत. मी अर्धं टेबल अडवते असं ते अजून म्हणतात. अडवते. आणखी अडवीन. नवे साहेब आले की हमखास विचारतात, "ही फळी कधी सुटणार हिची?" सुटणार नाही. तुमची खुर्ची सुटते का, तुमचा फोन सुटतो का, मग आमच्यावरच का डोळा? मी मोडले तर नवी करा. सुतार मिळतो, प्लायवुड मिळतं. आम्हाला टाळ्या नकोत, बक्षीस समारंभ नकोत, आणि डोळे पुसत फोटो काढायला तर येऊच नका. शिकवायला या, वेळ घेऊन या, आणि टेबलावर जागा ठेवा. बोलून झालं माझं. समोर ढीग पडलाय, बेबीनं सदरा उचललाय. तुम्ही जरा बाजूला सरका, तिच्या उजेडात उभे आहात.