गाडीला पोळ्याचे आवतन

समाजकल्याणच्या गोंदियातल्या शिबिरात लेकीला तीनचाकी सायकल मिळाली, तेव्हापासून मुन्नालाल त्या सायकलीला गोठ्यातल्या जनावरासारखा जपू लागला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकून झाले, तसा तो सायकलीकडे वळला. हाताने फिरवायच्या दांड्यांना त्याने तूप चोळले आणि हात जोडून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

ओसरीत बसलेली लेक भूमेश्वरी पोट धरून हसली. सकाळी मात्र तिचे हसू पळाले.

पोलिओने तिचे पाय लहानपणीच थकवले होते, पण हातांत जादू होती. सरकारी केंद्रात ती शिवण शिकली, मशीनही तिथूनच मिळाली. तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी नंदी मिरवतात. त्या नंदींसाठी तिने टोपलीभर इवल्या झुली शिवल्या होत्या. तान्हा पोळा उद्या, म्हणजे गिऱ्हाईक आजच. तिरोड्याच्या बाजारात जायचे आणि एकटीनेच जायचे, असे तिने ठरवले होते. आजवर सायकल घराबाहेर निघाली की बाप मागून लोटायचा आणि दांड्या तिच्या हातात उगाच फिरायच्या. माया होती हो, पण त्या मायेने तिचा जीव गुदमरायचा.

आज तर बाप दारातच आडवा उभा. "आज पोळा हाय. आज कोणाले जुपत नाही."

"बाबा, हे सायकल हाय, बैल नाही!"

"ओढते ना? मंग बैलच."

"ते कोठं ओढते? मी ओढतो!"

मुन्नालालने डोके खाजवले. "मंग तू बैल. तुले आराम."

चुलीपाशी तिची माय तुलसा फिसकन हसली. भूमेश्वरी संतापली. या झुलींना परवा कुत्रेही विचारणार नव्हते.

"बरं, मी बैल. आराम मी बाजारात बसून करतो. पण सांगा, आजच्या दिवशी बैलाच्या मांगं टोचाची तुतारी घेऊन कोणी चालते का?"

"आज? पाप लागंल!"

"मंग मांगचा हात काढा."

रीत ती रीत. मुन्नालाल दारातून बाजूला झाला.

तुपाने हात सटासट घसरले. तिने ओढणीने दांड्या खसाखसा पुसल्या आणि जोर लावला. गाव मागे पडले. मागून कोणाचा श्वास नाही, कोणाची चप्पल वाजत नाही. तिला इतका आनंद झाला की भर रस्त्यात ती मोठ्याने गाऊ लागली.

दुपारपर्यंत बाजारात टोपली रिकामी झाली. परतताना गावाअलीकडे बाभळीखाली बाप उभा दिसला. पायांवर धूळ, तोंड उतरलेले.

"काऊन आले?"

"असाच. पाय मोकळे कराले."

"बसा मांगं. आता उतारच हाय."

तो संकोचत मागच्या पेटीवर टेकला. गावात शिरताना तोरणाखाली बैल उभे होते. सुकराम पाटील ओरडला, "काय मुन्नालाल, पोळ्याच्या दिवशी पोरीले कामाले लावलं का रे?"

"मी कायले लावतो?" मुन्नालाल ताठ बसून म्हणाला. "तीच मले घरी नेऊन राहिली."