टॉवेलखालची बोटं

अर्धांगवायूच्या झटक्यात तान मास्तरांची जीभ गेली, उजवा हात गेला. तीन महिने झाले, त्यांचा एक शब्द कुणाला कळला नव्हता. त्यांची मुलगी हुईलान फोनवर म्हणाली, "लुओताई, बाबांना आता काही समजत नाही. मोबाइल हातात दिला तरी नुसते बघत बसतात."

मला संतापच आला. मोबाइलवर चिनी अक्षर उमटवायचं तर आधी त्याचा उच्चार रोमन लिपीत लिहा, तोही बीजिंगचा शुद्ध उच्चार. मास्तर जन्मभर आमच्या हुनानच्या रांगड्या बोलीत बोलले. ते काय लिहिणार, कपाळ?

त्यांची टायपिंगची विद्या वेगळी. अक्षराच्या आकाराचे तुकडे पाडायचे, तुकड्यागणिक कीबोर्डची एक कळ दाबायची; फार तर चार कळांत अक्षर हजर. कुठल्या कळेवर कुठले तुकडे, याचं पंचवीस ओळींचं गाणं होतं. चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात कापडगिरणीच्या माडीवर आम्ही बारा पोरी ते घोकायचो. मास्तर आमच्या हातांवर टॉवेल टाकून मागे फिरत राहायचे. कुणी खाली डोकावलं की टपली बसलीच. सगळ्यांत जास्त मी खाल्ल्या. पण त्या विद्येवर मी वीस वर्षं टायपिंगचं दुकान चालवलं. आता दुकान नाही, आणि ते गाणं म्हणायला सोबत कुणी नाही. फार आठवण येते.

जुना कीबोर्ड पुसला, लॅपटॉप घेतला आणि मास्तरांकडे गेले. हुईलानने तीळ-आल्याचा चहा पुढे केला.

"कशाला दगदग करता, ताई? सोमवारी त्यांना वृद्धाश्रमात नेतेय. तिथे नीट बघतील."

"त्यांना विचारलंस?"

"विचारून काय उपयोग?"

मी कीबोर्ड मास्तरांच्या मांडीवर ठेवला, लॅपटॉप समोरच्या स्टुलावर. डावा हात बराच वेळ तसाच पडून होता. मग एक बोट हललं. एक कळ. थोड्या वेळाने दुसरी. मी वाकून त्या बोटाकडे बघत राहिले, पडद्याचं भानच नव्हतं. हुईलान मात्र पडद्यासमोर उभी होती. ती अडखळत वाचू लागली.

"लुओ, खाली बघू नकोस."

माझी मान आपोआप वर झाली. डोळे भरून आले होते.

हुईलान चहाचा कप ठेवून मास्तरांसमोर जमिनीवर बसली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला जायचंय का तिकडे?"

कळा पुन्हा वाजू लागल्या. या खेपेला मी खाली बघितलं नाही.