योगराजसरांच्या गळ्यातली शिट्टी

कबड्डीत 'दम' म्हणजे एका श्वासात, खंड न पडता चाललेला 'कबड्डी'चा घोष. चढाई करणाऱ्याचा दम प्रतिपक्षाच्या अंगणात तुटला, की तो बाद. माझ्या कथेसाठी एवढे ध्यानात असू द्यावे.

मी पितळेची शिट्टी बोलते आहे. सुरतेच्या एका महाविद्यालयाच्या संघाचा योगराज कर्णधार होता. नवागामच्या कामगारवस्तीतून तिथे पोहोचलेला पहिलाच. त्याचा शेवटचा सामना संपला, तेव्हा गुरूंनी मला आपल्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घातले. म्हणाले, "आता तू घडव."

पण आधी पोट होते. चौदा वर्षे तो सुरतेतल्याच बमरोलीत यंत्रमाग चालवीत राहिला आणि मी खुंटीवर टांगलेली. त्याची पत्नी उज्ज्वला पाठीमागून हाक मारी. हळूहळू तो वळेनासा झाला.

पुढे त्याच महाविद्यालयाने मुलींच्या संघासाठी त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावले. उज्ज्वला समोर येऊन म्हणाली, "तुमले ऐकू येस नही, सांगी टाका ना कॉलेजमा."

"सांगं, तं शिट्टी काढी लेतीन," तो म्हणाला.

तो आता 'सर' झाला. पण मला सरांनी क्वचितच फुंकले. मागांच्या गडगडाटात माणसे हातांनी बोलतात, एकमेकांचे ओठ वाचतात. तीच रीत त्यांनी मैदानात आणली. उंचावलेला तळवा म्हणजे थांबा. मुलींना हे शिकवावे लागले नाही. त्यांचे बापही मागांवरचे, घरीसुद्धा तसेच बोलत.

एकदा सरावात संघातल्या मयुरीने चढाईत घोष हळूच गिळला. सरांचे बोट तत्क्षणी वर.

"बाई गं! सरांचे कान आहेत की मांजराचे?" कर्णधार सोनाली हसली. सरही हसले. दंतकथा तिथे जन्मली.

यंदा संघ अंतिम सामन्यात पोहोचला. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणाने पुढे होतो. प्रतिपक्षाची खेळाडू चढाईला आली, सोनाली आणि मयुरी दोघींना स्पर्श करून परतली. पंचांनी दोन गुण दिले. सर ताडकन उठले, "दम टूट गया था!"

पंचांनी विचारले, "इतनी दूर से सुनाई दिया?"

नुसती मान डोलावली असती, तरी चालले असते. शेजारी महाविद्यालयाचे क्रीडासंचालक बसले होते. मी सरांच्या छातीवर होते. आतली धडधड माझ्या पितळेत उतरत होती.

"सुना नहीं, देखा," सर म्हणाले. "मैं सुन नहीं सकता, साहब."

सामन्यानंतर सरांनी स्वतःच मला गळ्यातून काढले आणि संचालकांपुढे धरले. सोनाली मध्ये आली. "साहेब, आम्ही शिट्टीवर कधी थांबलोच नाही. सरांचा हात बघून थांबतो."

संचालकांनी मला हातात घेतले. मग सोनालीच्या तळव्यावर ठेवून म्हणाले, "तुम बजाना. देखने का काम सर का."

वस्तीत आता सांगतात की योगराजसरांनी दुरून तुटलेला दम ऐकला आणि पंचांनी निर्णय फिरवला. दोन्ही असत्य. निर्णय फिरला नाही, चषक आला नाही. आणि ते कान तर मागांनी केव्हाच नेले होते.

माझी विनवणी एवढीच: त्या कानांची थोरवी गाऊ नका. मी रोज सायंकाळी सरांच्या समोर वाजते. सोनालीचे गाल फुगलेले दिसले, की ते तळवा उंचावतात आणि मुली तो पाहून थांबतात.