अवेळी वाजलेली घंटा

आमच्या मळ्यावर घंटा पहाटे, दुपारच्या जेवणाला आणि सूर्य मावळताना वाजायची. अवेळी वाजली की समजायचं, कुणी गुलाम पळाला, आता कुत्रे सुटणार.

त्या जानेवारीत माझा नवरा पळाला होता. जुलै त्याचं नाव. कुत्रे नदीकडे हुंगून तसेच परत आले होते. तो ओढ्यापलीकडच्या वेळूत दडला होता, हे फक्त मला ठाऊक होतं.

दुपारची जेवणं उरकली होती. मी पेले भरत होते. तेवढ्यात घोडेस्वार निरोप घेऊन आला. आमचं जॉर्जिया राज्य अमेरिकेतून फुटून निघालं होतं.

"सुटलो एकदाचे!" लेथन मालक ओरडले.

"तुला कुणी बांधून ठेवलं होतं?" त्यांचे म्हातारे एझ्रा काका म्हणाले.

"काका, आपण मर्जीनं एकत्र आलो, आता पटत नाही म्हणून निघालो. हा आपला हक्क आहे."

"हक्क कसला? ही काळी माणसं हातची जातील, एवढीच भीती आहे तुला."

"आणि तुम्हाला नाही? सकाळी बूट चढवायला कोण लागतं?"

"लागतं ना! म्हणून तर सांगतोय. लढाई झाली तर माझीही जातील."

जुलै कुणाच्या मर्जीनं इथे आला होता? माझ्या हातून पेला सांडला.

"हात का कापतोय गं, व्हायनी?"

"थंडी आहे, मालक."

"मग जा, घंटा बडव. ऊब येईल. साऱ्या मुलखाला कळू दे!"

घंटा ऐकून जुलैला वाटणार, आपला माग लागला. तो वेळू सोडून उघड्या रानात धावणार.

मी बाहेर जाऊन घंटेचा दोर धरला आणि मयताला देतात तसा एक टोला दिला. थांबले. मग दुसरा. मयताच्या घंटेला कुणी पळत नाही.

"कोण मेलं गं?" मालक बाहेर आले.

"वाजवू दे तिला," काका दारातून हसले. "बरोबर वाजवतेय ती."

मालक लालबुंद झाले. मला ढकलून त्यांनी दोर हिसकावला आणि घणाघणा घंटा वाजवली.

ओढ्यापलीकडे वेळूतून पाखरांचा थवा भर्रकन उडाला.

मालकांचा हात थांबला. "तिकडे काय आहे?"

"कोल्हा असेल, मालक."

काका आता हसत नव्हते.

"कोल्हाच असेल," मी पुन्हा म्हणाले. मालक कुत्र्यांच्या साखळ्या सोडत होते.