पुढचा ब्रेक

मोतीराम मिस्त्री ब्रेकचा माणूस. अकोल्याहून मूर्तिजापूरकडे निघालं की ट्रकचं एक गॅरेज लागतं, तिथे सव्वीस वर्षं त्याने ट्रकच्या पोटाखाली उताणं पडून काढली. त्याचा एक ठरलेला डायलॉग होता आणि तो नव्या ड्रायव्हरला ऐकवल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नसे. "इंजिन गेलं तं गाडी उभी राह्यते. ब्रेक गेला तं माणूस आडवा होते." त्याच्या हातचा ब्रेक म्हटलं की ड्रायव्हर डोळे मिटून घाट उतरत, असं लोक म्हणत. लोक काय, म्हणायचं तर काहीही म्हणतात, पण हे खरं होतं.

असा हा माणूस स्वतःच्या पोरीशी अकरा महिने बोलला नव्हता.

पोरगी प्रणाली, चोवीस वर्षांची. साक्षगंध झालं होतं तिचं, धामणगाव रेल्वेच्या मुलाशी. तिसऱ्या महिन्यात त्या मुलाने फोनवर सांगितलं की लग्नानंतर ते सायकल-बियकलचं खूळ बंद. प्रणालीने दोन दिवस विचार केला आणि अंगठी परत पाठवून दिली. मोतीरामला हे समाजाच्या बैठकीत, भर मांडवात, चार लोकांच्या तोंडून कळलं. त्याला ते झोंबलं. त्या दिवशी त्याने पोरीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. घर दोन खोल्यांचं, स्वयंपाकघरात तिघं बसली की गुडघ्याला गुडघा लागायचा, तरी बाप म्हणायचा, "शालू, तिले सांग, जेवून घे म्हणा." आणि शालू, त्याची बायको, हातभर अंतरावरच्या पोरीकडे वळून सांगायची, "बाबा म्हणतात, जेवून घे." आधी आधी शालूला हसू यायचं. मग रडू यायचं. मग तिला सवय झाली.

त्या पावसाळ्यात अमरावतीच्या सायकलवाल्यांनी नवंच काहीतरी काढलं. सायक्लोक्रॉस. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले वामनराव त्याचे सर्वेसर्वा. जुलै ते ऑक्टोबर, पाच रविवार, पाच शर्यती, कधी अकोल्याकडे, कधी अमरावतीकडे. रस्त्यावर नाही, चिखलात. दोन किलोमीटरचा फेरा, मध्ये लाकडी आडवे अडसर, तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची, पळायचं, पुन्हा बसायचं. अर्धी शर्यत माणूस सायकलवर, अर्धी सायकल माणसावर. फॉर्मवर एक नियम ठळक छापलेला होता: दोन्ही ब्रेक चालू हवेत.

पहिल्या शर्यतीत प्रणाली शेवटची आली. आपली काळी माती कुणाला सांगायला नको. पावसाळ्यात शेतात चार पावलं टाकली की चपलेला दुसरी चप्पल चढते. तिच्या सायकलची दोन्ही चाकं मातीने अशी गच्च धरली की फिरेनात. घरी येऊन ती अंगणात बसली आणि काडीने माती टोकरू लागली. मोतीराम ओट्यावरून बघत होता. दहा मिनिटं बघितलं त्याने. मग त्याच्यातल्या मिस्त्रीला राहवेना.

"काडीनं नाई निघत ते. खुरपं घे."

अकरा महिन्यांतलं पहिलं वाक्य. प्रणालीने मान वर केली नाही, फक्त हात पुढे केला. त्याने खुरपं आणून त्या हातात दिलं. आत शालू फोडणी करपवून बसली.

मग काय, मोतीराम पेटलाच. डवऱ्याच्या पासेला, म्हणजे कोळप्याच्या पात्याला, माती चिकटू नये म्हणून शेतकरी जळकं ऑइल लावतात, ते त्याने सायकलच्या दांड्यांना चोपडलं. पिट म्हणून एक जागा असते, स्पर्धकाने तिथे थांबायचं आणि त्याच्या माणसाने सायकल साफ करून द्यायची. तिथे तो बादली, खुरपं आणि पाना घेऊन उभा राहू लागला. दुसऱ्या शर्यतीत पोरगी पाचवी आली, तिसरीत तिसरी. बडनेऱ्याच्या चौथ्या शर्यतीआधी त्याने तिला म्हटलं, "पुढच्या ब्रेकचे गुटके काढून टाकू का? माती तिथंच अडकून राहिली."

"अन् थांबू कशी?"

"काळ्या मातीत ब्रेक कशाले पाह्यजे? मातीच ब्रेक आहे."

ती हसली. त्याने रबराचे दोन गुटके काढून शर्टाच्या खिशात टाकले. चाकाला मोकळी जागा मिळाली, माती निघून जाऊ लागली, आणि बडनेऱ्याला प्रणाली पहिली आली. नियम नियमाच्या जागी राहिला. तपासणारा हेल्मेटचा पट्टा ओढून बघायचा आणि पाठीवरचा नंबर लिहून घ्यायचा, तेवढंच.

परतताना, गाडीवर मागे बसून, ती आपणहून म्हणाली, "बाबा, मी अंगठी वापस केली ते तुमाले सांगून कराले पाह्यजे होतं."

समोर रस्त्याकडे बघतच तो म्हणाला, "बरं केलं तू. पोट्टं काई कामाचं नोतं."

त्याला खूप बरं वाटलं हे बोलून. इतकं की त्याने बोरगावला गाडी थांबवून तिला भजी खाऊ घातली आणि घरी शालूला सांगितलं की भूक नाही. शर्यत पोरीची होती. मोतीरामला त्यात पोरगी परत मिळाली होती, आणि ती पुन्हा हातची जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं. ती जिंकत राहील तोवर बोलत राहील, असा हिशेब त्याने कसा काय मांडला, कोण जाणे. बापाचं डोकं, दुसरं काय.

पाचवी शर्यत परतवाड्याजवळ होती, मेळघाटच्या पायथ्याला. अमरावतीच्या माधवीच्या दोन शर्यती हुकल्या होत्या, म्हणून तिचे आणि प्रणालीचे गुण सारखे. दोघींत जी पुढे येईल तिची मालिका. माधवीकडे सायकली दोन होत्या, एक चालवायची, दुसरी तोवर धुऊन तयार. प्रणालीकडे एक सायकल आणि एक बाप.

आदल्या दिवशी प्रणाली वडापच्या जीपने जाऊन सगळा मार्ग पायी फिरून आली होती. शर्यतीच्या सकाळी तिने मोतीरामला बजावलं, "बाबा, हे बडनेरा नाई. खाली आपली काळी माती आहे, पण वरतं मुरूम आहे. तिकून सरका खाली उतार आहे, अन् खाली वळणावर दगडं आहेत. गुटके राहू द्या."

"राहू देतो."

"तुमी एक डाव वरतं जाऊन पाहून या."

मोतीरामचा गुडघा दुखत होता. त्याने खालूनच टेकडीकडे बघितलं. वर गवत हिरवंगार दिसत होतं, रात्रभर पाऊस झाला होता. मुरूम काय अन् माती काय, पावसात सगळं सारखंच, असं त्याच्या मनात आलं. सपाटीवरच्या माणसाला असंच वाटतं. काळ्या मातीत जन्म गेला की जगात दुसरी माती आहे हे पायाला पटत नाही. मुरमावर पाणी थांबत नाही, तो तासाभरात कडक होतो आणि त्यावर चाक सुसाट सुटतं, हे त्याला ऐकून माहीत होतं. ट्रकवाल्यांना तोच तर सांगायचा.

शर्यत सुरू झाली. पहिल्या फेरीत प्रणाली आणि माधवी बरोबरीने गेल्या. दुसऱ्या फेरीत माधवीने पिटमध्ये सायकल टाकली, दुसरी उचलली आणि निघाली. प्रणाली मागून आली ती सायकल खांद्यावर घेऊन, धापा टाकत, डोळ्यांत चिखल. पुढचं चाक फिरतच नव्हतं. मोतीरामने खुरपं घातलं. गुटक्यांच्या मागे माती वीट थापल्यागत बसली होती. एका बाजूची काढली तर दुसरीकडून दाबून बसली. माधवी पार अडसरापर्यंत पोचली होती.

प्रणाली बादलीत तोंड खुपसून डोळे धूत होती. तशीच म्हणाली, "बाबा, गुटके नोका काढू हं. वर मुरूम आहे."

मोतीरामच्या हातात तोवर पाना आला होता. एकेका गुटक्याला एकेक नट. सव्वीस वर्षांचा हात, दोन्ही मिळून दहा सेकंदही लागले नाहीत. माती धपकन खाली पडली आणि चाक मोकळं झालं.

"काढले नाई ना?"

"नाई काढले. जाय, पय!"

ती गेली. एकदाही वळून बघितलं नाही, ब्रेकची मूठ दाबून बघितली नाही. बापाने नाही म्हटलं म्हणजे नाही. मोतीराम बघत राहिला, पोरगी अडसरावर माधवीला गाठतेय, चढावर सायकल खांद्यावर घेऊन तिच्या पुढे निघतेय. तो ओरडला, आनंदाने नाचायचा तेवढा बाकी राहिला. टेकडीच्या वर ती सायकलवर बसताना दिसली आणि पलीकडे दिसेनाशी झाली.

तेव्हा कुठे त्याचा हात खिशाकडे गेला. दोन गुटके. तो हाका मारत सुटला, "प्रणाली! थांब वं, बाई!" पण टेकडीच्या पलीकडे हाक जाते होय? थोड्या वेळाने तिकडून धोक्याची शिट्टी वाजली, एक लांब, मग एक आणखी.

दुखऱ्या गुडघ्याने तो टेकडी चढला. वरचा मुरूम खणखणीत वाळला होता. उतारावर मागच्या चाकाचा एकच ओरखडा होता, सरळ, वळणापर्यंत आणि वळणाच्या पार. दगडांत सायकल पडली होती, आणि सायकलच्या पलीकडे पोरगी. माधवीने आपली शर्यत सोडून तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. प्रणालीचा उजवा पाय जसा असायला नको तसा वळला होता. ती शुद्धीवर होती. तिचा उजवा हात अजूनही पुढच्या ब्रेकची मूठ दाबावी तसा आवळलेला होता, आणि ती नुसती सायकलच्या पुढच्या चाकाकडे बघत होती.

जीपमधून अमरावतीला नेलं. डॉक्टर म्हणाले, मांडीचं हाड खुब्याशी मोडलंय, रॉड टाकू, चालेल पोरगी, पण पाय बोटभर आखूड राहील. सायकलचं शालूने विचारलं. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, आधी चालू द्या.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सकाळी वामनराव आले. सोबत नारळपाणी आणि एक कागद. बिचारे संकोचून गेले होते. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "बेटा, मले लिहून द्या लागते. सायकल पाह्यली आमी. पुढच्या ब्रेकले गुटकेच नाईत. दगडात आमी लय शोधले. पडले का कुणी काढले?"

मोतीराम पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. गुटके अजून शर्टाच्या खिशात होते. शालूने तीन दिवस शर्ट धुवायला मागितला होता, त्याने दिला नव्हता.

प्रणालीने मान वळवून बापाकडे बघितलं. रागाने नाही. ती नुसती वाट बघत होती. वामनरावांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सांगायचं होतं ते चार शब्दांचं होतं. मोतीरामच्या ओठांपर्यंत ते आलंही. पण समोर वामनराव होते, शेजारच्या पलंगावरचे लोक कान देऊन होते, आणि त्याच्या डोळ्यांपुढे गॅरेजचं फाटक आलं, तिथे उभे असलेले ड्रायव्हर आले. मोतीराम मिस्त्रीने पोरीचा ब्रेक काढला. सव्वीस वर्षं लोकांना ब्रह्मज्ञान सांगणारा माणूस मूग गिळून भिंतीकडे बघत राहिला.

"मीच काढले सर," प्रणाली म्हणाली. "माती अडकून राहिली होती."

वामनरावांनी लिहून घेतलं, डोकं हलवलं, "असं करत नसतात बेटा," म्हणाले, नारळपाणी स्टुलावर ठेवलं आणि गेले. ते दाराबाहेर गेल्यावर मोतीराम पलंगाजवळ आला. त्याने खिशात हात घातला. गुटके मुठीत आले, पण मूठ बाहेर निघेना.

"प्रणाली," तो म्हणाला. "बाई, मी..."

प्रणालीने तोंड खिडकीकडे केलं. खाली रस्त्यावर ऑटोवाले भांडत होते. तिकडेच बघत ती म्हणाली, "आई."

"काय वं?"

"बाबाले सांग, घरी जाय म्हणा. इथं दोघांचं काई काम नाई."

शालू दोघांच्या मध्ये उभी होती, हातात पाण्याचा गडू. तिने पोरीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं. तरी ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "प्रणाली म्हणते, तुमी घरी जा."