चाकं भुईला टेकल्यावर

"आधी टेकव भुईला, मग कस रं बोल्टाला,
लटकत्या पायाला, गाठ नगं..."

उस्ताद सहादेव मिस्त्रींचा हा आवाज बन्सीच्या कानात चाळीस वर्षं राहिला होता. म्हातारा कामाच्या गोष्टी जात्यावरच्या ओवीच्या चालीत गाऊन शिकवायचा. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्ममध्ये हादरे सोसणारा रबरी बुश बसवला, की गाडी जॅकवरून खाली घ्यायची, तिचं वजन चाकांवर येऊ द्यायचं आणि मगच बोल्ट आवळायचा. हवेत लटकत असताना आवळला, तर खाली येताना रबर पिळवटतं. आणि पिळवटलेलं रबर कुठल्या वळणावर फाटेल ते सांगता येत नाही.

"अण्णा, कुठं हरवलात? कुठले बसवायचे सांगा ना."

लेकीनं, राजनंदिनीनं, बाकड्यावर दोन पुड्या मांडल्या होत्या. एकीत काळे रबरी बुश, दुसरीत पिवळेधमक, नखानं टोचलं तरी न दबणारे. त्यांना शर्यतवाली पोरं पीयू म्हणायची. मागं जॅकवर लाल गाडी उभी होती. केडगावच्या या गॅरेजात तीन वर्षं ताडपत्रीखाली पडून होती, गेल्या महिन्यात तिचा टप आणि दारं नवी झाली. चार वाजता तुषार नावाचा पुण्याचा पोरगा तिला शर्यतीसाठी न्यायला येणार होता.

"पिवळे बसवू," बन्सी म्हणाला.

पोरगी बघतच राहिली. "आता पिवळे? तेव्हा मी अन् करण्या आठ दिवस मागं लागलो होतो. तर म्हणालात, एवढी कडक गाडी चालवून पाठीचा खुळखुळा करून घ्यायचंय का? रबर सोसतं, म्हणालात. खड्डा सोता खातं, मानसाला देत न्हाई."

"म्हनलो आसंल."

"म्हणालात! करण्यानं तुमची नक्कलसुद्धा केली होती. कमरेवर हात ठेवून."

ती हसायला गेली आणि मधेच थांबली. या गॅरेजात ते नाव फार दिवसांनी उच्चारलं गेलं होतं. बन्सी उगाच पान्हा पुसत बसला.

तीन वर्षांपूर्वीची ती शर्यत कर्जतच्या माळावर होती, मातीची. राजनंदिनी चालवत होती आणि धाकटा भाऊ करण शेजारी बसून कागदावरची वळणं मोठ्यानं वाचत होता. चौथ्या वळणावर तिनं ब्रेक दाबला आणि गाडी हिसका देऊन डावीकडं गेली, ती थेट ओढ्यात उलटली. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. करण गेला.

पोरीच्या हातून सुटली, लोक म्हणाले. बन्सीनं मान खाली घातली, आणि लोकांना तो होकार वाटला. बायको, शुभांगी, तेव्हापासून लेकीच्या हातचा चहासुद्धा घेत नव्हती. लेक दवाखान्यात बिलं फाडायची, सिटीबसनं जायची-यायची, आणि बसमध्येही ड्रायव्हरच्या मागची जागा रिकामी असली तरी मागं जाऊन उभी राहायची.

गाडी बन्सीनंच माळावरून ओढून आणली होती. खाली वाकून बघितलं, तर डाव्या आर्मचा बुश पीळ पडून फाटलेला. नवाकोरा बुश. आदल्या संध्याकाळी त्यानंच बसवलेला. तेव्हा गॅरेजात गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर कांद्याचा टेम्पो अडकून पडला होता, म्हणून त्यानं गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळले. पहाटे टेम्पो हलला की सोडून पुन्हा कसू, असं म्हणून तो तिथंच बाजेवर आडवा झाला. पोरं पहाटे निघाली. बापाची झोप मोडू नये म्हणून दोघांनी गाडी ढकलत रस्त्यापर्यंत नेली, मग चालू केली.

तो बुश त्यानं वायसरच्या डब्यात तळाशी टाकला. शिंगणापूरला जाऊन सगळं सांगून आला. पण देव ऐकून घेतो आणि गप्प बसतो, त्यानं घरातलं काही हललं नाही.

"रबरच बसवा," राजनंदिनी म्हणाली. "होते तसेच."

"पिवळं बरं. ते पिळवटत न्हाई."

"म्हणजे?"

"कायी न्हाई. मजबूत आसतंय."

"नको. तुषारला मी स्पष्ट सांगितलंय, गाडीत खोट नव्हती. चालवणारीत होती." तिनं पिवळी पुडी नीट घडी घालून बाजूला सारली. "गाडीला कुणी नाव ठेवायला नको. करण्याचा लई जीव होता तिच्यावर."

बन्सीनं काळे बुश उचलले. प्रेसखाली ते आर्ममध्ये दाबले, आर्म चढवले, बोल्ट हातानंच लावून ढिले ठेवले. जॅक उतरवला. दोघांनी मिळून गाडी ढकलत खड्ड्यावर आणली, बापानं एका बाजूनं, लेकीनं दुसऱ्या. मग तो डब्याकडं गेला, तळाशी हात घालून काहीतरी खिशात टाकलं, आणि पान्हा घेऊन खड्ड्यात उतरला.

"राजे, आत बस."

"कुठं?"

"श्टेरिंगवर. चालवनाऱ्याचं वजन लागतंय, त्याबिगर कसायचं न्हाई."

"तुषार येतोयच की. त्याला बसवा."

"तू बस."

बराच वेळ तिची पावलं एका जागी होती. मग दार उघडलं. डोक्यावर गाडी बोटभर खाली आली आणि थांबली. वर स्टेरिंग जरासं हललं असावं, पुढची चाकं किंचित वळली आणि परत सरळ झाली.

बन्सीनं डावा बोल्ट आवळला. दोन वेळा तपासला. पान्हा काढून घेतला, तरी हात तिथंच राहिला. इथून तिचा चेहरा दिसत नव्हता. त्यानं खिशातला फाटका बुश मुठीत धरला.

"राजे."

"हं."

"त्या टायमाला ह्यो बोल्ट मी जॅकवरच कसला हुता. सकाळी सोडून परत कसायचा, त्ये ऱ्हाऊन गेलं. बुश फाटला, म्हनून गाडी वढली. फाटल्याला माज्याकडं हाय, तीन वर्सं लपवून ठिवला. तुज्या आईला आज सांगतो. आदी तुला सांगतो. तू बराबर चालवत हुतीस, बाळा."